चित्रपट चालणार की पडणार, हे आधी कसे ठरवतात?

कापडाचा व्यापारी पोत पाहून भाव करतो. चित्रपटाचा माल मात्र तयार होण्याआधीच विकला जातो. नट, दिग्दर्शक, संगीतकार यांची नावे आणि थोडीशी कथा, एवढ्यावर खरेदीदार मोठी रक्कम मोजतो. हा हिशेब आपल्याला माहीत असलेला बरा. ‘पिक्चरमध्ये थोडी रक्कम लावा’ म्हणणारी मंडळी आपल्या दुकानांपर्यंतही येतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील नाझ सिनेमाची इमारत हा या सौद्यांचा जुना बाजार. वितरकांनी देशाचे विभाग पाडले, मुंबई, दिल्ली-यूपी, सीपी-बेरार, निजाम वगैरे. (निजामाचे राज्य गेले, बाजारातले नाव राहिले!) प्रत्येक विभागाचे हक्क वेगळे विकतात. कोणी केवळ कमिशनवर चित्रपट लावतो, कोणी परतीच्या बोलीवर आगाऊ रक्कम देतो. खरी जोखीम ‘मिनिमम गॅरंटी’त. ही रक्कम वितरक निर्मात्याला देतो आणि चित्रपट पडला तर ती त्याचीच बुडते.

समजा, एका विभागाची गॅरंटी १ कोटी आणि प्रिंट-जाहिरातीचा खर्च २० लाख. चित्रपटाने करवजा अडीच कोटींचा धंदा केला आणि निम्मा वाटा थिएटरवाल्याकडे गेला. वितरकाकडे आले सव्वा कोटी. खर्च जाऊन हातात उरले अवघे ५ लाख, त्याचे पुरते कमिशनसुद्धा सुटले नाही. कमिशन सुटल्यावर जे उरते त्याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात, आणि निर्मात्याला पुढचा वाटा त्यातूनच मिळतो. जाहिरातीत मात्र अडीच कोटींचा आकडा झळकतो.

गॅरंटी ठरते ती बहुधा नटाच्या मागच्या चित्रपटावरून. पण हे माप किती कच्चे आहे पाहा. १९७० साली राज कपूर यांचा बड्या नटांचा ‘मेरा नाम जोकर’ पडला आणि १९७३ साली नवख्या जोडीचा ‘बॉबी’ धो धो चालला. १९७५ साली ‘शोले’ पहिल्या दिवसांत पडला असे बाजार म्हणाला, आणि मग तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. त्याच वर्षी कमी खर्चातल्या ‘जय संतोषी माँ’नेही अफाट धंदा केला. आपल्या मराठीत २०१६ साली नवख्या मुलांचा ‘सैराट’ आला, हे ताजे उदाहरण.

अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर डी व्हॅनी यांनी डेव्हिड वॉल्स यांच्याबरोबर सुमारे दोन हजार चित्रपटांचे आकडे तपासले. मूठभर चित्रपट बहुतेक नफा नेतात, म्हणून ‘सरासरी’ धरून अंदाज बांधणे फसवे, असे त्यांना दिसले. मोठ्या नटाने शक्यता वाढते, खात्री होत नाही. आता पटकथा संगणकाला देऊन आकडा काढणाऱ्या कंपन्याही आहेत. आमच्या मते संगणकही मागच्याच चित्रपटांवरून पुढचे सांगतो, नाझमधला वितरकही तेच करीत होता.

आधी कळू शकते ती खालची बाजू. संगीत, टीव्ही, परदेश यांचे हक्क किती रकमेला विकले गेले, त्याचे करारनामे झाले का, खर्चाला मर्यादा आहे का आणि चित्रीकरण लांबले तर व्याज कोणाच्या माथी, हे कागदावर पाहता येते. कोणी भागीदारीची बोली घेऊन आला, तर वसुलीच्या रांगेत आपला नंबर कितवा हे लेखी विचारावे. तो ‘ओव्हरफ्लो’नंतरचा असेल, तर वरचा सव्वा कोटीचा हिशेब एकदा त्याच्यासमोरच मांडून पाहावा.