मशीन पुन्हा बसलं, वर्कशॉप म्हणतं ‘तेल तुमचं कमी’



1 ऑगस्टला बंदी उठली की पहिल्या पंधरवड्यात आपल्या ऑफिसात एक तक्रार ठरलेली. जुलैत दुरुस्त करून आणलेलं मशीन समुद्रात बसलं, आणि वर्कशॉपवाला हात वर करतो. पैसे आधीच दिलेले, मशीन त्याच्याच ताब्यात, आणि बाकीच्या होड्या कोळंबी घेऊन जेटीला लागताहेत. अशा वेळी माणूस एकतर भांडतो, नाहीतर मुकाट्याने दुसऱ्यांदा पैसे मोजतो.

गेल्या मोसमातलं एक प्रकरण शेवटपर्यंत आमच्या हातून गेलं, म्हणून ते सविस्तर लिहीत आहोत. वर्कशॉपचं नाव देत नाही. प्रकरण मिटलं आहे आणि सभासदाचीही तशीच इच्छा आहे.

सभासदाची होडी फायबरची, त्यावर टू-स्ट्रोक ओबीएम. होडीवर माणसं तीन: तो स्वतः, त्याचा भाऊ आणि एक खलाशी. मे महिन्यात मशीन गरम होऊन जाम झालं. जुलैत शहरातल्या एका वर्कशॉपला दिलं. बोअरिंग झालं, पिस्टन-रिंगा नव्या पडल्या, 18,500 रुपये रोख दिले. बिल मागितलं तर मालकाने आपल्याच कार्डाच्या मागे लिहून दिलं: ‘बोअर, पिस्टन सेट, पाणीपंप, 18,500 पेड’, खाली सही. सभासदाने ते कार्ड खिशात ठेवलं, फेकलं नाही. पुढे सगळं त्या कार्डावर फिरलं.

11 ऑगस्टला मशीन पुन्हा धरलं. दुसऱ्या होडीने ओढून आणलं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला नेलं तर मालक मशीन न उघडताच म्हणाला, “तेल कमी घातलंत तुम्ही. माझं काम चोख आहे. नवा पिस्टन पडेल, नऊ हजार होतील. आणि ते दिल्याशिवाय मशीन इथून हलणार नाही.”

आता या ‘तेल कमी’विषयी. वर्कशॉपवाल्याला हा आरोप सर्वांत सोपा, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल जळून गेलेलं असतं, ते कोण मोजणार? पण आरोप दर वेळी खोटाच असतो असं नाही. बहुतेक टू-स्ट्रोक ओबीएमला 50 लिटर पेट्रोलला 1 लिटर तेल लागतं, म्हणजे लिटरमागे 20 मिली. नव्या बोअरिंगनंतर पहिले काही तास त्याच्या दुप्पट घालायचं असतं. आपल्यात कॅनमध्ये डोळ्यांच्या मापाने तेल ओतणारे कमी नाहीत, हे आम्ही जेटीवर रोज बघतो. त्यामुळे ऑफिसात बसून ‘आमचा माणूस खरा’ म्हणण्यात अर्थ नव्हता. खरं काय ते मशीनच सांगतं. पण एकदाच सांगतं, उघडताना. एकदा मशीन खोललं, पार्ट धुतले, जुने भंगारात टाकले की मागे राहतो तो फक्त तुमचा शब्द आणि त्याचा शब्द. उघडताना जो एकटाच हजर असतो, त्याचीच गोष्ट खरी ठरते.

ओबीएमचं पाणी कसं फिरतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात. पायात, गिअरच्या वर, रबरी पात्यांचा इंपेलर असतो. तो समुद्राचं पाणी खेचून वर सिलिंडरभोवती फिरवतो आणि बाजूच्या भोकातून बारीक धार बाहेर पडते. महिनोन्महिने मशीन बंद राहिलं की पाती एका बाजूला वाकून तशीच कडक होतात, मग तुटतात. तुटलेले तुकडे पाण्याच्या वाटेत वर जाऊन अडकतात. नुसता इंपेलर बदलला आणि तुकडे शोधून काढले नाहीत तरी मशीन तापणारच. गरम होऊन जाम झालेल्या मशीनमध्ये नवा पिस्टन घातला आणि ते तापलं कशामुळे हे बघितलंच नाही, तर नवा पिस्टनही जुन्याच्याच वाटेने जातो.

कमिटीतले आम्ही तिघे वर्कशॉपला गेलो. तेलाचा विषय काढलाच नाही. एवढंच म्हटलं की मशीन आत्ता उघडू नका, दोघांना चालेल असा तिसरा मेकॅनिक बोलावू, त्याच्यासमोर आणि आमच्यासमोर उघडा, आम्ही व्हिडिओ घेतो. चूक सभासदाची निघाली तर नऊ हजार तो देईल, हेही सांगितलं. मालक म्हणाला, “माझ्या वर्कशॉपमध्ये परका मेकॅनिक कशाला?” आम्ही वाद घातला नाही. तेच सगळं संस्थेच्या लेटरहेडवर लिहिलं. त्याने घ्यायला नकार दिला, म्हणून 14 ऑगस्टला स्पीड पोस्टने पाठवलं आणि त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला. दोन निळ्या टिका आल्या, त्याचाही स्क्रीनशॉट ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, “या बाब, उघडूया.”

पाय उतरवला. इंपेलरची दोन पाती नव्हती, उरलेली एका बाजूला वाकून दगडासारखी झालेली. तो इंपेलर जुलैत बसवलेला नव्हता हे सांगायला मेकॅनिकची गरज नव्हती. पाण्याच्या वाटेत वर रबराचे तुकडे सापडले. क्रँकच्या बेअरिंगला तेल होतं, निळसर जळका रंग नव्हता. तेल खरंच कमी पडलं असतं तर पहिला मार तिथेही दिसला असता, असं तिसऱ्या मेकॅनिकने दाखवून दिलं. आणि कार्डावर मालकाच्याच अक्षरात ‘पाणीपंप’. तेलाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

तरी मामला तिथे सुटला नाही. “पोरग्याने बदलला नसेल, मला काय माहीत. मजुरी सोडतो, पार्टचे तुम्ही द्या,” असं सुरू झालं. मग आम्ही पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली, आणि त्यासाठी कायदा नीट वाचला. त्यातलं कामाचं तेवढं इथे देतो.

मालकाचा एक मुद्दा होता: “तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक कसले?” बऱ्याच सभासदांनाही तसंच वाटतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा वगळली आहे हे खरं. पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. सुप्रीम कोर्टाने 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात रिक्षाचं उदाहरण दिलं आहे. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा ग्राहकच, आणि मदतीला एक-दोन माणसं असली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. आपल्या होडीवाल्यालाही हा मुद्दा मांडता येतो. ट्रॉलर खलाशांच्या हाती देऊन स्वतः किनाऱ्यावर राहणाऱ्या मालकाला मात्र हा दरवाजा सहसा उघडत नाही, त्याला दिवाणी कोर्टच. हे कडू आहे, पण आधीच माहीत असलेलं बरं.

त्याच कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. म्हणजे ‘पक्कं बिल हवं तर जीएसटी जास्त पडेल’ म्हणून टाळणारा आपल्यावर उपकार करत नाही. सदोष सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत करायला नकार देणं हेही त्यातच येतं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असंही नाही. वर्कशॉप दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करता येते.

मशीन अडवून ठेवण्याचं काय? इथे वर्कशॉपवाल्यालाही हक्क आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 170 म्हणतं की ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तो वस्तू ठेवून घेऊ शकतो. पण केलेल्या कामाची. न केलेल्या नऊ हजारांच्या कामासाठी नाही, आणि गेल्या वर्षीच्या जुन्या उधारीसाठीही नाही. मोसम बुडतोय आणि पैसे देऊन मशीन सोडवण्यावाचून गत्यंतर नाही, असं झालं तर यूपीआयनेच द्या आणि शेऱ्यात ‘हरकत राखून’ एवढे दोन शब्द टाका. रोख दिलेत तर मान्य करून दिलेत असं उद्या म्हणतील.

नोटिशीची मुदत संपायच्या आधीच तडजोड झाली. पुढच्या मापाचं बोअरिंग, पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि पूर्ण पंप किट, सगळं वर्कशॉपच्या खर्चाने. पाण्याच्या पिंपात अर्धा तास मशीन चालवून, धार बघून, 3 सप्टेंबरला सभासदाने ते ताब्यात घेतलं. मधले 23 दिवस गेले ते गेले. त्याची भरपाई आयोगात मागता आली असती, आमच्यातल्या दोघांचं तेच म्हणणं होतं. सभासद म्हणाला, “मला तारीख नको, मशीन द्या.” घरात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. आम्ही पुढे आग्रह धरला नाही.

यंदा बंदीच्या आधी संस्थेने दुरुस्तीचं पावती पुस्तक छापून घेतलं आहे. मशीनचा नंबर, तक्रार काय, कोणते पार्ट बदलणार, किती पैसे, किती दिवसांची हमी, दोघांच्या सह्या. मशीन देतानाच भरून घ्यायचं. वर्कशॉपवाला सही करायला तयार नसेल तर मशीन परत टेंपोत चढवा, वर्कशॉपं आणखी आहेत. जुने पार्ट पिशवीत भरून परत मागायचे, ही ओळ पावतीवर खाली ठळक छापली आहे. पुस्तक ऑफिसात बर्फाच्या कूपनांच्या खिडकीवर मिळेल, सभासदांना पैसे नाहीत. आणि मशीन कुणाचं पुन्हा बसलंच, तर वर्कशॉपला नेण्याआधी ऑफिसात एक फोन करा. उघडायच्या आधी.