फिरते तारांगण आणि हरवलेला मृग

जून महिन्याची ७ किंवा ८ तारीख आली की घरोघरी म्हणतात, "मृग लागला!" म्हारळ, वरप, कांबा या बाजूचे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतात. आता गंमत पाहा. मृग लागला म्हणून त्या रात्री कोणी आकाशात मृग शोधायला गेला, तर एकही ढग नसला तरी त्याला मृग सापडणार नाही! आणि जानेवारीत, मृगाचे कोणी नावसुद्धा काढत नाही तेव्हा, तोच मृग संध्याकाळी पूर्वेला ऐटीत उभा असतो. एका ओळीतले तीन तारे, म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण, लहान मूलही ओळखील. मग जूनमध्ये तो जातो कुठे?

हे पुस्तकात वाचून पटकन कळत नाही. पण एका तंबूत बसून पाच मिनिटांत कळते. त्या तंबूचे नाव फिरते तारांगण.

तारांगण म्हणजे काय?

तारांगण म्हणजे घुमटाच्या आतल्या बाजूला दाखवलेले कृत्रिम आकाश. मधोमध एक यंत्र असते. ते घुमटावर ताऱ्यांचे ठिपके पाडते. अशा प्रकारचे पहिले मोठे यंत्र जर्मनीतील झाइस कारखान्याने बनवले आणि १९२३ साली ते म्युनिक शहरात दाखवले गेले. आपल्याकडे पुण्याच्या टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ सालीच तारांगण सुरू झाले. होय, चक्क एका शाळेत! मुंबईला वरळीचे नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी सुरू झाले. तिथले जुने यंत्र जाऊन २००३ साली संगणकावर चालणारे नवे यंत्र आले.

पण शहाडहून वरळीला सगळी शाळा न्यायची म्हणजे लोकलची गर्दी, पुढे बस, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि मुले मोजता मोजता गुरुजींची तारांबळ! मग तारांगणच शाळेत आले तर? योगायोग असा की, १९७७ सालीच अमेरिकेत फिलिप सॅडलर या शिक्षकाने हाच विचार केला आणि हवेने फुगणारा तारांगणाचा तंबू तयार केला. पुढे त्या तंबूत संगणक आणि प्रोजेक्टर आले. आज आपल्या देशातही असे तंबू शाळाशाळांतून फिरतात. सगळे सामान एका छोट्या टेम्पोत मावते.

तंबू उभा कसा राहतो?

त्याला ना खांब, ना बांबू! जाड काळ्या कापडाचा घुमट जमिनीवर पसरतात आणि एका मोठ्या पंख्याने त्यात हवा भरतात. दहा-पंधरा मिनिटांत घुमट टम्म फुगतो. पाच मीटर रुंदीच्या घुमटात पंचवीस-तीस मुले मांडी घालून बसू शकतात. कापडाच्या शिवणीतून आणि दारातून हवा थोडी थोडी बाहेर जातच असते, म्हणून पंखा सारखा चालू ठेवावा लागतो. त्याच हवेवर आत बसलेल्यांना ताजा श्वासही मिळतो. मध्येच वीज गेली तर? घाबरायचे नाही. कापड हलके असते, ते एकदम कोसळत नाही, हळूहळू खाली बसते. गडबड न करता ओळीने बाहेर यायचे, बस्स.

आता खरी करामत ऐका. साधा प्रोजेक्टर सपाट पडद्यावर चौकोनी चित्र टाकतो. ते गोल घुमटावर, चारी बाजूंना कसे पसरणार? त्याला दोन युक्त्या आहेत. पहिली युक्ती म्हणजे प्रोजेक्टरपुढे माशाच्या डोळ्यासारखे फुगीर भिंग लावायचे. ते प्रकाशाला सगळीकडे पसरवते. दुसरी युक्ती स्वस्तातली. घाटातल्या वळणावर फुगीर आरसा लावतात ना? त्यात दोन्हीकडचा रस्ता दिसतो. तसाच आरसा तंबूच्या कडेला ठेवून त्यावर प्रोजेक्टरचा झोत टाकायचा. आरशामुळे चित्र वेडेवाकडे होते, म्हणून संगणक ते आधीच उलट्या बाजूने वाकडे करून पाठवतो. वाकडे अधिक वाकडे बरोबर सरळ! ताऱ्यांच्या जागांचा हिशोब संगणकातली प्रणाली करते. 'स्टेलॅरियम' नावाची अशी एक प्रणाली तर फुकट मिळते.

मृग सापडला!

आता तंबूत बसून मृगाचा शोध घेऊ या. संगणकाला ८ जूनची दुपार सांगायची. घुमटावर निळे आकाश आणि सूर्य दिसतो. मग एक बटण दाबून हवा 'बंद' करायची. खऱ्या जगात हे कोणालाच जमायचे नाही, पण तंबूत जमते. हवेमुळे दिसणारा निळा उजेड गेला की भर दुपारी तारे चमकू लागतात. आणि सूर्याच्या शेजारी, जरासा दक्षिणेला, कोण उभा? आपला मृग!

म्हणजे मृग कुठे गेलाच नव्हता. त्या दिवसांत तो सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. सूर्याच्या उजेडात तो दिसत नाही, इतकेच. "मृग लागला" याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्राच्या भागात आला. तेरा-चौदा दिवसांनी तो पुढच्या आर्द्रा नक्षत्रात जातो. अशी सत्तावीस नक्षत्रे फिरून झाली की वर्ष पुरे. खरे तर फिरते आपली पृथ्वी, सूर्याभोवती. म्हणून सूर्य आपल्याला दर पंधरवड्याला वेगळ्या ताऱ्यांपुढे दिसतो. पाऊस काही मृगाचे तारे पाडत नाहीत, बरं का! तो मोसमी वाऱ्यांचा आणि तो येण्याचा काळ साधारण तोच असतो, म्हणून जुन्या लोकांनी ती खूण धरली.

तंबूत जे जमत नाही ते

तंबूतले आकाश फार सुंदर दिसते. आकाशगंगेचा पांढुरका पट्टा तर असा दिसतो की, आपल्या कॅम्प १ मधून तसा कधीच दिसत नाही. स्टेशन, रस्ते, दुकाने, कारखाने या सगळ्यांचा उजेड धुळीवर आणि धुरावर पडून आभाळ फिकट होते. अंधाऱ्या गावी नुसत्या डोळ्यांनी एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात. इथे मोजकेच. म्हणून कोणाला वाटेल, खरे आकाश तंबूतच!

पण थांबा, एक हिशोब करू. साध्या प्रोजेक्टरच्या चित्रात वरपासून खालपर्यंत १०८० ठिपके असतात. घुमटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आकाश १८० अंशांचे. १०८० भागिले १८० किती? ६. म्हणजे एका अंशाला सहा ठिपके. आकाशात चंद्र केवढा दिसतो? फक्त अर्धा अंश. म्हणजे तंबूतला खऱ्या मापाचा चंद्र जेमतेम तीन ठिपक्यांचा! त्यात डाग कुठून दिसणार? चित्र मोठे करून दाखवतात, पण मग ते चंद्राचे चित्र झाले, आकाशातला चंद्र नव्हे. खरा चंद्र मात्र आपल्या गच्चीवरून फुकट दिसतो, आणि कॅम्पातले सगळे दिवे मिळूनही त्याला लपवू शकत नाहीत. चेटीचंड हा आपल्या सिंधी शेजाऱ्यांचा सण त्याच चैत्रातल्या नव्या चंद्राच्या नावाचा. ती बारीक कोर शोधायला घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन जा.

आणि खूप तारे पाहायचे असतील तर? उल्हासनगर स्टेशनवरून कर्जतच्या गाडीने अंबरनाथ, बदलापूर गेले की पुढचे स्टेशन वांगणी. तिथे मुंबईच्या खगोल मंडळाने कितीतरी वर्षे रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम केले आहेत.

तेव्हा तंबू हा आकाशाचा नकाशा समजा. नकाशा पाहून गाव कळते, पण गावाला जावे लागतेच.

करून पाहा

१. घरचे तारांगण : कागदावर सप्तर्षींचे सात ठिपके काढा. तो कागद बुटांच्या खोक्याच्या एका बाजूवर बाहेरून *उलटा* चिकटवा. सरळ चिकटवलात तर भिंतीवर सप्तर्षींची शेपटी भलत्याच बाजूला जाईल. ठिपक्यांवर दाभणाने भोके पाडा. खोक्यात मोबाइलचा टॉर्च ठेवा, झाकण लावा आणि खोलीतला दिवा घालवा.

२. ध्रुव किती उंच? : एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळनंतर उत्तरेला सप्तर्षी दिसतात. त्यांच्या चौकोनातील पुलह ताऱ्याकडून क्रतु ताऱ्याकडे रेघ काढा आणि तेवढीच पाचपट पुढे न्या. तिथे ध्रुव तारा. इमारत आड येत नसेल तर हात सरळ लांब करून मूठ धरा. एक मूठ सुमारे १० अंशांची. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मुठीवर मूठ ठेवून मोजा. साधारण दोन मुठी भरतील. कारण आपले गाव सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे, आणि ध्रुव तितकाच अंश वर दिसतो! तंबू आला तर तिथल्या माणसाला सांगा, "आम्हाला उत्तर ध्रुवावर न्या." तिथे ध्रुव थेट डोक्यावर येतो की नाही, ते तपासा.

या लेखाखाली एक कोरा कागद लावला आहे. त्यावर आपले नाव, इयत्ता, तारीख, वेळ आणि किती मुठी भरल्या ते लिहा. शेजारच्याचे पाहून लिहायचे नाही. प्रत्येकाची मूठ वेगळी असते!