अठरानंतर काय?

विशेष शाळेत शिकवताना पालकांचा एक प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो : ‘बाई, १८ पूर्ण झाल्यावर याचं काय?’ प्रश्न रास्तच आहे. २०१६च्या कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो ६ ते १८ या वयापुरता. पण हा प्रश्न सतराव्या वर्षी विचारला, तर हाताशी वेळ उरत नाही. तो चौदाव्या वर्षी पडायला हवा.

आपल्याकडे पुढची तयारी म्हणजे मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या. त्यात वाईट काही नाही. दिवाळीत त्या खपतातही. पण सुरेख पणती रंगवणारा मुलगा एकटा जाऊन पाव किलो साखर आणू शकत नसेल, तर मोठेपणी तो कुणाचा तरी हात धरूनच राहणार. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं जड जातं. वर्गात खोट्या नोटा मोजणारं मूल वाण्यापुढे गोंधळतं. म्हणून शिकवायचं ते वाण्याकडेच.

एसटीचा प्रवासही तसाच. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसा. मग दोन बाकं मागे. मग नुसते उतरायच्या थांब्यावर उभे राहा. माझ्या एका विद्यार्थिनीला यासाठी आठ महिने लागले. घरात आजी कळवळतात, ‘कशाला पोरीला त्रास?’ कळवळू द्या.

आता कागदपत्रं. १८ पूर्ण होताच मूल कायद्याने सज्ञान होतं; आईवडिलांचं पालकत्व आपोआप पुढे चालत नाही. हे पुष्कळांना बँकेच्या खिडकीशी कळतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. मात्र सगळ्यांनाच त्याची गरज नसते. जो स्वतः सही करून पैसे काढू शकतो, त्याचा तो हक्क केवळ सोयीसाठी काढून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिव्यांग प्रमाणपत्र मात्र वेळेत काढा. २०१६च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या. बौद्धिक अपंगत्वाला १९९५च्या कायद्यात नोकरीचा वाटा नव्हता, तो आता आहे. आणि कचेरीत जाताना मुलाला बरोबर न्या. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं, की ते त्यालाच सांगू द्या.