साबण सांगतो तापमान

ॲल्युमिनियमची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून पाहा. आधी सहज वाकणारी तार हळूहळू ताठ होते आणि शेवटी तुटते. मोटारीच्या पत्र्याचेही तसेच आहे.

महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. म्हणून १९४८ साली आलेल्या लँड रोव्हर गाडीला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा वापरला गेला. अशा पत्र्याला पोचा पडला, तर कारागीर एका बाजूने लोखंडी ठोकळा टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडीचे हलके ठोके देतो. ठोक्यांनी स्फटिकांतील अणूंचे थर सरकतात. रचनेतील दोष वाढून एकमेकांत अडकतात. पत्रा कठीण होतो. तसेच ठोकत राहिल्यास त्याला तडा जातो.

यावर उपाय म्हणजे उष्णता. सुमारे ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला नवे स्फटिक तयार होऊन पत्रा पुन्हा मऊ होतो. आपले तांबटही तांब्याचे भांडे ठोकताना मधूनमधून तापवतात. परंतु तांबे लाल होऊन इशारा देते, ॲल्युमिनियम देत नाही! शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, मिश्रधातू त्याच्याही आधी. जरा चुकले, की पत्र्याला भोक पडलेच.

मग तापमान ओळखायचे कसे? कारागीर पत्र्यावर साबण घासतो आणि मागून ज्योत फिरवतो. साबण जळून काळपट झाला, की ज्योत लगेच दूर करतो. पत्रा गार झाला, की पुन्हा हातोडी!

तुम्ही मात्र प्रयोग तारेपुरताच ठेवा. ज्योतीचे काम जाणत्या कारागिराकडे जाऊनच पाहा.