ब्रेडबोर्ड सगळे सारखेच? भोकं मोजू नका, पकड तपासा

भिलाई-दुर्गच्या पट्ट्यात सर्किट जोडणाऱ्या मुलांची कमी नाही. आयआयटी भिलाई आहे, दुर्गचं बीआयटी आहे, स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं आहेत आणि आता शाळाशाळांतून अटल टिंकरिंग लॅबही आल्या आहेत. सहावीतल्या मुलीच्या हातात ब्रेडबोर्ड दिसतो, याचा मला मनापासून आनंद होतो. पण प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की दुकानदारापासून सीनिअरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "सब एक ही है, कोई भी ले लो।" आमच्या मराठी घरांतली मुलंही तेच म्हणतात, "काका, ब्रेडबोर्डमध्ये काय बघायचं? सगळे सारखेच." आणि आठवडाभराने तीच मुलं सांगत येतात की कोड बिघडलाय, ईएसपी32 सारखा रीसेट होतोय, सेन्सर भलतेच आकडे देतोय.

कोड बहुतेक वेळा ठीक असतो. बोर्ड ढिला असतो.

बाहेरून सगळे सारखे दिसतात, हे मान्य. दोन भोकांमधलं अंतर 2.54 मिलिमीटर, मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंच्या ओळींत 7.62 मिलिमीटर. ही मापं आयसीच्या पायांवरून ठरलेली आहेत, त्यात कोणत्याच कंपनीला फेरफार करता येत नाही. हे रूप जुनंही आहे. अमेरिकेतल्या ई अँड एल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या रोनाल्ड पोर्तुगाल यांनी डिसेंबर 1971 मध्ये त्यासाठी अर्ज केला आणि 14 ऑगस्ट 1973 रोजी त्यांना पेटंट मिळालं, क्रमांक डी228136. सुरुवातीचा 'डी' डिझाइनचा, म्हणजे हे पेटंट केवळ बाह्य रूपाचं आहे. ते रूप अर्धशतकात फारसं बदललेलं नाही. त्यामुळे रूप पाहून बोर्डाची पारख करताच येत नाही.

फरक आत असतो. उभ्या रांगेतल्या पाच भोकांखाली धातूची एक पट्टी असते आणि तिला पात्यांच्या पाच जोड्या. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी ही पाती वायर धरून ठेवतात. चांगल्या बोर्डात ती फॉस्फर ब्राँझसारख्या लवचिक मिश्रधातूची असतात, वर मुलामा असतो. जाड पाय घालून काढला तरी ती पुन्हा मिटतात. टुकार बोर्डात पत्रा पातळ आणि मऊ असतो. तो एकदा फाकला की फाकलेलाच राहतो. 1एन4007 डायोडचा पाय साधारण 0.8 मिलिमीटर जाड, तर पाव वॅटच्या रेझिस्टरचा साधारण 0.5 ते 0.6. स्वस्त बोर्डात एका भोकात आधी डायोड बसवा, मग त्याच भोकात रेझिस्टर. तो आत डगडगतो. डोळ्यांना जोडणी दिसते, विजेला मिळेलच असं नाही.

"थोडं ढिलं असलं म्हणून काय झालं, बझर तर वाजतो ना!" हा या गैरसमजाचाच जुळा भाऊ, आणि जास्त नुकसान हाच करतो. मल्टिमीटरचा बझर काही ओहम रोधाला खुशाल वाजतो. सर्किटला मात्र ओहमचा अंशसुद्धा जड जातो. हिशेबच करू.

ईएसपी32 च्या डेव्हलपमेंट बोर्डला 5 व्होल्ट देताना वीज किती पात्यांतून जाते? सप्लायची वायर रेलमध्ये, म्हणजे कडेच्या लांब पट्टीत, रेलमधून जंपर, जंपरचं दुसरं टोक रांगेत, रांगेतून बोर्डाची पिन. चार झाली. ग्राउंडच्या वाटेवर आणखी चार. एकूण आठ. वायफाय चालू होताना हा बोर्ड क्षणभर चांगलाच करंट ओढतो. एस्प्रेसिफच्या डेटाशीटमध्ये सप्लाय 500 मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक क्षमतेचा असावा, असं लिहिलेलं आहे. आपण 400 धरू. घट्ट पात्याचा रोध 0.02 ओहम मानला तर आठांचे 0.16 ओहम होतात आणि वाटेत 0.064 व्होल्ट गळतात. काही बिघडत नाही. ढिल्या पात्याचा रोध 0.2 ओहम धरा: आठांचे 1.6 ओहम, गळती 0.64 व्होल्ट. बोर्डापाशी पोचले 4.36 व्होल्ट. अशा बोर्डांवर बहुतेकदा असणाऱ्या एएमएस1117 रेग्युलेटरला पूर्ण भाराला 3.3 व्होल्ट देण्यासाठी वर सव्वा व्होल्टच्या आसपास शिल्लक लागते, म्हणजे साधारण साडेचार व्होल्ट. ते मिळत नाहीत. आतला व्होल्टेज घसरतो आणि सीरिअल मॉनिटरवर ओळ उमटते, 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड'. ती ओळ समोर दिसत असताना मुलं रात्रभर कोड उलटापालटा करतात, नवा ईएसपी32 मागवतात आणि ब्रेडबोर्ड तोच ठेवतात! हे पाहून जीव तुटतो, कारण रात्र वाया जाते आणि इलेक्ट्रॉनिक्स आपल्याला जमत नाही असं पोरांना वाटायला लागतं.

पारख कशी करायची? दुकानात जाताना 22 गेजची, आत एकच तार असलेली वायर न्या. तिची तार 0.64 मिलिमीटरची, म्हणजे हेडर पिनच्याच मापाची असते. चारही कोपऱ्यांतल्या आणि मधल्या भोकांत ती घालून ओढा. सगळीकडे सारखीच ओढ लागली पाहिजे. कुठे सहज सुटली, किंवा घालताना वायरच वाकली, तर तो बोर्ड परत ठेवा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या.

घरी खरी परीक्षा घ्या. 5 व्होल्टचा सप्लाय आणि 47 ओहम, 1 वॅटचा रेझिस्टर घेऊन साधारण 100 मिलिअँपिअर करंट एकाच रांगेतल्या दोन भोकांमधून जाऊ द्या. त्या दोन भोकांत घातलेल्या वायरींच्या उघड्या तारांवर, भोकाच्या जितकं जवळ जमेल तितकं, मल्टिमीटर 200 मिलिव्होल्टवर ठेवून मोजा. 1 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 0.01 ओहम. चार-पाच मिलिव्होल्टच्या आत आकडा आला आणि वायर हलवूनही तो स्थिर राहिला, तर बोर्ड चांगला. वीसच्या वर गेला किंवा हलवताच नाचायला लागला, तर त्या बोर्डावर प्रोजेक्ट उभा करू नका. साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हे कळत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या प्रोबचाच रोध त्याहून जास्त असतो. बोर्ड उत्तम निघाला तर जंपरही याच रीतीने तपासा. टोकाशी नीट न दाबलेले जंपर बाजारात भरपूर आहेत.

आता बाकीचे गैरसमज, भराभर.

'830 पॉइंट म्हणजे 830 वेगळे जोड.' छे. 63 रांगा, खाचेच्या दोन बाजू, असे 126 स्वतंत्र जोड. उरलेली 200 भोकं चार रेलची. 400 पॉइंटच्या बोर्डात असे 60 जोड मिळतात. एकदोन आयसी, काही एलईडी आणि एखादा सेन्सर एवढ्यासाठी 400 चा बोर्ड पुरतो, आणि दोन छोटे बोर्ड कडेच्या खाचांनी एकमेकांना अडकवताही येतात. मोठा टुकार बोर्ड घेण्यापेक्षा छोटा चांगला घ्या.

'रेल या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असते.' 830 च्या अनेक बोर्डांत ती मध्ये तुटलेली असते. लाल-निळी रेघ खंडित छापलेली दिसली तर समजा, पण छपाईवर विसंबू नका. इथे बझर खरोखर कामाचा आहे.

'कुठलंही मॉड्यूल बसतं.' ए ते जे ओळींमधलं अंतर 1.1 इंच. मॉड्यूलच्या पिनांच्या दोन रांगांत 1 इंच असेल तर एकाच बाजूला एक भोक मोकळं राहतं; 1.1 इंच असेल तर एकही नाही. अशा वेळी एका बोर्डाची रेल काढून दोन बोर्ड शेजारी ठेवा आणि मॉड्यूल मधोमध बसवा.

'ब्रेडबोर्डवर मेगाहर्ट्झचं काही चालत नाही.' 16 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावलेला एटीमेगा328 व्यवस्थित चालतो. क्रिस्टल आणि कपॅसिटर पिनांना चिकटून ठेवा. शेजारच्या पट्ट्यांमध्ये काही पिकोफॅरड कपॅसिटन्स असतोच. त्यामुळे जलद ॲम्प्लिफायर आणि रेडिओची सर्किटं इथे बिघडतात. त्यांच्यासाठी लिनिअर टेक्नॉलॉजीच्या जिम विल्यम्स यांची 1991 ची ॲप्लिकेशन नोट 47 वाचा. तिथे तांब्याच्या सलग पत्र्यावर सर्किट बांधून दाखवलं आहे.

'मोटरसुद्धा बोर्डावरूनच चालवू.' एका अँपिअरच्या आसपास बहुतेक बोर्डांची मर्यादा संपते. मोटरची वायर थेट सप्लायवरून घ्या, फक्त ग्राउंड एक ठेवा.

'मागचा फोम काढला तरी चालतो.' फोमबरोबर पट्ट्याही निघून येतात. काढू नका.

आणि '230 व्होल्ट, पण जरा जपून.' नाही. कधीच नाही. दोन पट्ट्यांमध्ये प्लास्टिकची पातळ भिंत असते आणि खाली फोमचा कागद. रिले मॉड्यूलची मेन्सची बाजू बोर्डाबाहेर, बंद डब्यात, स्क्रू टर्मिनलवरच राहिली पाहिजे. शाळेतल्या मुलांनी तर ती मोठ्या माणसाशिवाय हातात घ्यायचीच नाही.

एक विनंती कॉलेजातल्या सीनिअरना. पास होऊन जाताना जुना, ढिला बोर्ड ज्युनिअरला भेट देऊ नका. तो ई-कचऱ्यात टाका आणि ज्युनिअरला 22 गेज वायरचा एक तुकडा द्या. नवा बोर्ड त्याचा तो पारखून घेईल.