खिळा घरी गेला पाहिजे

सकाळी ८.१५

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर छापखाना. पुढच्या खोलीत मालकांचं टेबल. मधल्या खोलीत जुळणी. मागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन ट्रेडल छपाईयंत्रं आणि एक कटिंग मशीन. १९८० नंतरची वर्षं, दिवाळी अंकांचा हंगाम. मी शिकाऊ, अण्णा हेड कंपोझिटर. त्यांना सगळे अण्णाच म्हणत, मालकसुद्धा.

अण्णा सायकल भिंतीला टेकवतात. सदरा खुंटीला लावतात. बंडीवर उभे राहतात, चष्मा नाकावर नीट बसवतात. जुळणीची स्टिक हातात घेण्याआधी केस, म्हणजे अक्षरागणिक घरं असलेला खिळ्यांचा ट्रे, तपासायची हा त्यांचा नेम. ‘घ’च्या घरात बोटं घालून चिमूटभर खिळे, म्हणजे शिशाचे टाइप, तळहातावर घेतात आणि अंगठ्यानं एकेक फिरवून बघतात. एक ‘ध’ निघतो. काल खिळे परत कुणी टाकले, हे विचारत नाहीत. उचलून त्याच्या घरात टाकतात. मग ‘म’चं घर. त्यात हमखास एखादा ‘भ’ असतो.

"आत्ता सापडला तर फुकट," ते मला सांगतात. "प्रुफात सापडला तर वेळ जातो. छापल्यावर सापडला तर कागद जातो."

सकाळी ८.४५

जुळणी सुरू. डाव्या हातात स्टिक, १८ एमाला बांधलेली, म्हणजे तीन इंचांची ओळ. उजवा हात केसवर. खिळे अखंड पद्धतीचे, त्यामुळे ‘क’ला वेगळं घर, ‘कु’ला वेगळं, ‘के’ला वेगळं. वर जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, अंक. समोर केस, बाजूला केस. एका कथेचं पान लावायचं तर दिवसभर केस ठेवलेल्या घोड्याभोवती वळत राहायचं.

अण्णा केसकडे बघत नाहीत. त्यांचे डोळे हस्तलिखितावर असतात. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, ती अंगठ्याला लागली की खिळा सुलटा आहे हे कळतं. स्टिकमध्ये ओळ उलटी दिसते. शिरोरेषा खाली आणि अक्षरं तिच्यावर पाय वर करून उभी. ती तशीच, डावीकडून उजवीकडे वाचायची. मला आधी आरशातलं वाचल्यासारखं डोकं वळवायची सवय होती. अण्णांनी हनुवटी धरून मान सरळ केली. "मान वळवलीस तर चाळिशीत जाईल. डोळ्याला शिकव."

ओळ भरली की स्पेस घालून ती आवळायची. फार घट्ट नको, फार सैल नको. बोटानं पुढे कलवली तर ओळ पडता कामा नये, आणि तरीही स्टिकमधून सहज सरकली पाहिजे. काही ठिकाणी कंपोझिटर कागदाची चिंधी खुपसून सैल ओळ भागवत. अण्णांच्या हाताखाली ते चालत नसे. कागद दबतो, ओळ ढिली होते, मशीनवर खिळा वर येतो.

सकाळी १०.३०

चहा. हॉटेलातला पोऱ्या तारेच्या जाळीत ग्लास घेऊन येतो. अर्धा कप प्रत्येकी, पैसे मालकांच्या खात्यावर. दुसरा हवा असेल तर आपल्या खिशातून.

मला महिना दीडशे रुपये. अण्णांना सहाशे, हंगामात जादा तासांचे वेगळे. पगाराचा विषय निघाला की अण्णा जावजी दादाजींची गोष्ट सांगत. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागलेला पोर. त्यानं १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. खिळ्यांचे साचे कोरणारे राणोजी आरू त्याच्या जोडीला होते. निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्या देशभर गेल्या. एवढं सांगून झालं की अण्णा ग्लास खाली ठेवत आणि म्हणत, "घासण्यापासून सुरुवात झाली. चल."

सकाळी ११.१५

गॅलीचा ट्रे जुळलेल्या ओळींनी, म्हणजे मॅटरनं, भरतो. मॅटरभोवती दोरा आवळून बांधायचा, टोक ओळींच्या कडेला खोचायचं. वर हातरुळानं शाई, त्यावर ओलसर कागद. ब्रशनं ठोकून प्रूफ काढायचं. काम माझं, पण पहिलं प्रूफ अण्णा स्वतः वाचतात. नंतरच ते प्रूफ वाचणाऱ्यांकडे जातं.

प्रूफ वाचायला येणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक. ते प्रूफ मोठ्यानं वाचतात, विरामचिन्हांसकट. मी शेजारी मूळ प्रत धरून बसतो. फरक आला की थांबवायचं. दुपारपर्यंत समास लाल खुणांनी भरतो.

दुरुस्ती चिमट्यानं. एक अक्षर बदलायचं असेल तर पटकन होतं. शब्द वाढला तर पुढच्या ओळीत ढकलावा लागतो, तिथला त्याच्या पुढच्या ओळीत, असं परिच्छेद संपेपर्यंत. आज लेखकानं प्रुफात अख्खं वाक्य वाढवून पाठवलंय. अण्णा वाक्य दोनदा वाचतात. "चांगलं आहे, लावू." त्यात पाऊण तास जातो. तो वेळ अण्णा वहीत लिहून ठेवतात. बिलात धरायचा की सोडायचा हे मालकांनी ठरवायचं, पण वेळ लिहिलेला असला पाहिजे.

दुपारी १.००

जेवण. आधी हात. खिळ्यात शिसं असतं, त्याला कठीणपणा यावा म्हणून अँटिमनी आणि थोडं कथील. बोटांच्या पेरांवर काळसर चमक बसते. आधी रॉकेलची चिंधी, मग कपड्याचा साबण दोनदा, मग नखं. अण्णा नळापाशी उभे राहून बघतात. हात न धुता डब्याला हात लावलेला त्यांना खपत नाही, मग तो मशीनमन असो की मालकांचा भाचा. डबा मात्र सगळ्यांचा एकत्र. अण्णांच्या डब्यात कोरडी शेंगदाण्याची चटणी ठरलेली. ती माझ्या पोळीवर आधी पडते.

दुपारी २.००

छापायच्या पानांचा फर्मा बांधायचा. ट्रेडलवर एका वेळी दोन पानं मावतात. गुळगुळीत दगडावर पानं ठेवायची, भोवती चेसची लोखंडी चौकट, मधल्या जागेत लाकडी फर्निचर, कडेला आवळायचे क्वाइन. आधी हातानं आवळायचं, मग सपाट लाकडी ठोकळा पानावर ठेवून हातोडीनं हलके ठोके, म्हणजे सगळे खिळे एका पातळीत बसतात. मग चावीनं पक्कं.

त्यानंतर अण्णा फर्म्याचा एक कोपरा उचलून त्याखाली चावी ठेवतात आणि ओळीओळीवर बोटांनी दाब देतात. एखादा खिळा खाली गेला तर ती ओळ सैल. पुन्हा सोडायचा, नीट करायचा, पुन्हा आवळायचा. घाईत असताना ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. उचलताना फर्मा फुटला तर दोन पानांचे खिळे जमिनीवर. एका माणसाची दिवसाची मजुरी गेली, आणि वेचायला दुसऱ्याची.

दुपारी ३.३०

फर्मा ट्रेडलवर चढतो. पहिला ताव निघतो. मशीनमन समोरून बघतो, अण्णा तो पालथा करून पाठीवरून बोट फिरवतात. कुठे दाब जास्त, कुठे कमी, हे पाठ सांगते. जिथं अक्षर फिकं तिथं कागदामागच्या पॅकिंगवर पतंगाच्या कागदाचा तुकडा खळीनं चिकटवायचा. कधी एकाच शब्दापुरता. तिसऱ्या-चौथ्या तावाला पान एकसारखं उठतं.

मग मशीन धावतं. उजव्या हातानं कोरा कागद आत, डाव्या हातानं छापलेला बाहेर. सवयीचा मशीनमन तासाला हजारापर्यंत जातो. ताव वाकडा बसला तर दांडा ओढून दाब सोडायचा, हात घालायचा नाही. रीम ५०० तावांचं, कागद गिऱ्हाइकाचा. खराब निघालेले ताव फेकायचे नाहीत, मोजून बाजूला ठेवायचे. त्यांच्या पाठीवर उद्याची प्रुफं निघतील.

चारच्या सुमाराला वीज जाते. मशीनमन मोटरचा पट्टा काढतो, मी पायटा मारायला लागतो. पोटऱ्या भरून येतात, पण काम थांबत नाही.

संध्याकाळी ५.३०

छापून झालेला फर्मा परत येतो. रॉकेल आणि ब्रशनं शाई धुवायची. आता मॅटर सोडायचं, म्हणजे लावलेला प्रत्येक खिळा परत त्याच्या घरात टाकायचा. बहुतेकांना हे काम नकोसं. दिसत काही नाही, मोजलं काही जात नाही, दिवस संपत आलेला असतो. म्हणून ते शिकाऊंच्या गळ्यात पडतं. आमच्या छापखान्यात ते हेड कंपोझिटर स्वतःही करत आणि मला शेजारी उभं करत.

मॅटरवर पाणी शिंपडायचं, म्हणजे खिळे एकमेकांना धरून राहतात. चार-पाच ओळी डाव्या हातावर घ्यायच्या. शब्द वाचायचा, तेवढेच खिळे उजव्या चिमटीत उचलायचे आणि वाचत वाचत घरोघर सोडायचे. केसमध्ये टपटप आवाज चालू. शब्द न वाचता सोडणाऱ्याचा ‘ध’ ‘घ’मध्ये पडतो. सकाळी दुसऱ्याच्या स्टिकमध्ये तो चूक होऊन येतो, आणि बोलणी त्या दुसऱ्याला बसतात. "जुळणी आपल्या नावावर असते," अण्णा म्हणत. "सोडणं उद्याच्या माणसासाठी. ते आधी शीक."

पुढे काही वर्षांनी ऑफसेट आणि कॉम्प्युटर आले. मालकांनी जुळणी खातं बंद करायचं ठरवलं. भंगारवाला शिशाच्या भावानं सगळं उचलायला तयार होता. अण्णांनी आठवड्याची मुदत मागितली. उभं असलेलं सगळं मॅटर धुतलं, सोडलं, केसा चाळून पुसल्या. दरम्यान तालुक्याच्या गावाहून एक छापखानेवाले आले. त्यांच्याकडे लग्नपत्रिका अजून खिळ्यांवर होत होत्या. त्यांनी चारपाच घरांत बोटं घालून पाहिलं, आणि सगळ्या केसा टाइपच्या भावानं घेतल्या. मालकांनी अण्णांना त्या आठवड्याचा पगार दिला आणि वर स्वतःहून महिन्याचा.

संध्याकाळी ७.३०

दिवे मालवायच्या आधी अण्णा माझ्या केसवरून एक हात फिरवतात. चिमूटभर खिळे, अंगठा, तळहात. मग उद्याचं हस्तलिखित माझ्या घोड्यावर ठेवतात, त्यावर वजन म्हणून लेडचा तुकडा. सदरा चढवतात, सायकल काढतात.

आता माझा स्वतःचा ऑफसेटचा व्यवसाय आहे. नवीन मुलगा कामाला लागला की पहिला आठवडा त्याला पान लावायला देत नाही. आदल्या दिवशीच्या फायली नावं घालून, फाँटसकट, जागेवर ठेवायला लावतो. उरलेला कागद मोजायला लावतो. मुलं कंटाळतात. मग मी त्यांना अण्णांबद्दल सांगतो. त्यांच्याकडून मला हा धंदा मिळाला, आणि कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं मला वाटतं.