मांजर का ओकते?

मुलांनो, रमजानमध्ये आपल्या जेवणाच्या वेळा बदलतात. मांजराच्याही बदलतात. दिवसभर त्याला कोणी विचारत नाही. इफ्तारनंतर मात्र उरलेले मटण, मासळी एकदम पुढे पडते. उपाशी मांजर न चावता गिळते आणि थोड्याच वेळात तेच अन्न ओकून टाकते. पोट फार वेळ रिकामे राहिले, तर नुसते पिवळे पित्तही पडते. मांजरावर रोजा नाही! त्याला ठरलेल्या वेळी, दिवसातून तीन-चारदा थोडे थोडे द्या.

आपल्या कर्जत-खालापूरकडे मांजराला दूधभात घालतात. पण मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही. कांदा-लसणाचा रस्सा तर शिजवलेला असला तरी विषासारखाच. चाटलेल्या केसांचा गोळा कधीतरी पडला, तर घाबरू नका. वारंवार ओकारी झाली किंवा मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर मात्र त्याला गुरांच्या दवाखान्यात न्या.